जामीन राहिले, त्या पन्नास दिवसांबद्दल

९ एप्रिल २०२५च्या संध्याकाळी तो, माझा एक जुना विद्यार्थी, तुरुंगातून बाहेर आला. उच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला होता १८ फेब्रुवारीला. मधले ५० दिवस कुठे गेले ते लिहून ठेवते आहे. मला माहिती हवी होती तेव्हा ती एका जागी कुठेच मिळाली नाही. वकिलांना सगळं ठाऊक असतं, पण त्यांना ते इतकं रोजचं झालेलं असतं की आपल्याला काय माहीत नाही हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

मी निवृत्त शिक्षिका. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. तो माझा सातवीतला विद्यार्थी, आमच्याच इमारतीत वाढलेला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. खटला चालू आहे, म्हणून नाव, गाव, प्रकरण यातलं काही लिहिणार नाही. तो दोषी आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि हे मी त्याच्या आईलाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तो तारखेला येईल एवढं तरी तुम्हाला वाटतं ना?" ते मला वाटत होतं.

ती माझ्याकडे आली २१ फेब्रुवारीला, शुक्रवारी. हातात आदेशाची छापील प्रत. प्रत्येकी ५० हजारांचे दोन जामीनदार, शिवाय त्याचा स्वतःचा जातमुचलका. पारपत्र जमा करायचं, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही. सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात जाण्यासाठी वेळ मागितल्यामुळे आदेशाला दोन आठवडे स्थगितीही होती. सव्वाचार वर्षांत एकही नातेवाईक तिच्याबरोबर न्यायालयात आला नव्हता. आता दोन माणसं हवी होती, तीही मिळकत असलेली.

रात्री मी आदेश वाचायला घेतला. ४६ पानं. पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्याला मी हेच सांगेन: आदेश स्वतः वाचा, पूर्ण वाचा. अटी शेवटच्या दोन पानांत असतात, पण आपण कशासाठी सही करतोय ते आधीच्या पानांत असतं.

वर्गात मी मुलांना सांगायचे की जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद. यूएपीएत हे उलटं होतं, आणि ते नेमकं कसं होतं हे मला त्या रात्री कळलं. या कायद्याच्या कलम ४३-ड मध्ये पाचवं पोटकलम आहे. पोलिसांची केस डायरी किंवा आरोपपत्र वाचून आरोप सकृतदर्शनी खरे वाटले, तर न्यायालयाने जामीन द्यायचा नाही. हे पोटकलम डिसेंबर २००८ मध्ये आलं, मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर लगेच. तेव्हा मीही म्हटलं होतं, बरं झालं. २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुरावा बारकाईने तपासायचा नाही. म्हणजे समोरच्याने लिहिलेलं खरं धरून चालायचं, आणि ते खोडून काढायची संधी खटला सुरू झाल्यावर. खटला सुरू व्हायलाच वर्षं लागतात.

त्याला जामीन मिळाला तो याच मुद्द्यावर. १ फेब्रुवारी २०२१ रोजी के. ए. नजीब प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि माणूस वर्षानुवर्षं आत असेल, तर घटनेच्या कलम २१खाली, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काखाली, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय जामीन देऊ शकतात, कायद्यातली अडसर असली तरी. आमच्या आदेशात आकडे होते: १६२ साक्षीदार, तपासून झालेले ११.

मी 'नाही' म्हणू शकले असते. जामीनदार राहणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. आरोपी हजर राहिला नाही तर बंधपत्र जप्त होतं, रक्कम आपल्याकडून दंडासारखी वसूल होते, आणि ती वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४९१ आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४४६ होतं. पुढे झेपेनासं वाटलं तर मोकळं होण्यासाठी अर्ज करता येतो, कलम ४८९. तो अर्ज केला की आरोपीला नवा जामीनदार आणावा लागतो, नाहीतर परत आत जावं लागतं. हे मला आधी माहीत असल्याचा उपयोग झाला. घाबरून मागे फिरण्यापेक्षा घाबरूनच पण माहितीनिशी पुढे गेले.

मिळकत म्हणून माझ्यासमोर पहिल्यांदा आली ती गावाकडची जमीन. सातारा जिल्ह्यात दीड एकर, सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं नाव, सामाईक. त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, सहहिस्सेदाराचं संमतीपत्र लागेल.

आणि इथे मला दादाबद्दल सांगावं लागेल. ११ जुलै २००६, मंगळवार. दादा चर्चगेटहून विरारची गाडी पकडून घरी निघाला होता. माटुंगा रोड सोडल्यावर पुढच्या डब्यात स्फोट झाला. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये १८०हून अधिक माणसं गेली. दादा वाचला. उजव्या कानाने त्याला तेव्हापासून ऐकू येत नाही, आणि घरात आम्हा सगळ्यांना त्याच्या डाव्या बाजूला बसायची सवय लागली आहे.

२३ तारखेला, रविवारी, मी त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं.

"कलमं कोणती?" त्याने विचारलं. मी सांगितली.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि तू माझ्याकडे सही मागतेस."

वहिनी आत निघून गेली. मी म्हटलं, दादा, मी त्याला निर्दोष म्हणत नाहीये. तो तारखेला हजर राहील एवढ्याचीच ही सही आहे. दादा म्हणाला, "आदेश ठेवून जा."

मंगळवारी, २५ तारखेला, मी न्यायालयाच्या कार्यालयात नुसती चौकशी करायला गेले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी, त्यामुळे खिडकीवर गर्दी. दीड तासाने माझा नंबर लागला. सातबारा दाखवताच लिपिक म्हणाले, "बाहेरच्या जिल्ह्यातली मिळकत चालत नाही, स्थानिक जामीनदार आणा." लेखी काही नाही, तोंडी. वकीलबाईंना सांगितलं तर त्यांनी मला १९७८चा मोतीराम प्रकरणातला निकाल वाचायला दिला. मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो भाऊ नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. इतक्या वर्षांनी मी खिडकीसमोर उभी राहून तेच वाक्य ऐकत होते. ३१ जानेवारी २०२३ रोजीही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका लांबते, तेव्हा ती अट न्यायालयांनी घालू नये. तुम्हाला असं तोंडी उत्तर मिळालं तर खिडकीवर वाद घालू नका. वकिलांकरवी न्यायाधीशांपुढे अर्ज द्या आणि त्यात या दोन्ही निकालांचा उल्लेख करा.

आम्हाला ती वेळ आली नाही. २ मार्चला दादाचा फोन आला. "वाचलं सगळं. न्यायाधीश चुकले असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हातून ही सही होणार नाही." मला त्याचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. दोन दिवस राग होता. मग मी स्वतःला विचारलं, त्या गाडीत मी असते तर? उत्तर सापडलं नाही, पण राग उतरला.

४ मार्चला स्थगिती संपली. सर्वोच्च न्यायालयाकडून काही आलं नाही. म्हणजे आता तो फक्त कागदांसाठी आत होता.

राहिला माझा फ्लॅट. तो अजून मिस्टरांच्या नावावर. ते २०२२ मध्ये गेले, मी नॉमिनी, पण भागपत्रावर, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, नाव चढवून घ्यायचं राहूनच गेलं होतं. जे घरी बसून हे वाचत आहेत त्यांनी हे काम, कुणाला जामीन राहायचं नसलं तरी, आजच हातात घ्यावं. सोसायटीत मृत्यूचा दाखला, नॉमिनेशनची प्रत, मुलीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र दिलं. नोटरीला ३०० रुपये. सेक्रेटरींना कशासाठी हवंय ते मी लपवलं नाही. ते म्हणाले, "बाई, आपल्या सोसायटीचं नाव यायचं उगाच." मी म्हटलं, नाव माझं येईल. त्यांनी समितीची बैठक लावली आणि १२ मार्चला भागपत्र माझ्या नावावर करून दिलं. त्यातल्या दोघांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. ते पुढे आपोआप सुरू झालं.

१३ मार्चला, होळीच्या दिवशी, सेतू केंद्रात ऐपतीच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. सगळे त्याला सॉल्व्हन्सीच म्हणतात. सोबत मूल्यांकन अहवाल लागला, नोंदणीकृत मूल्यांककाचा, ५,५०० रुपये. वकीलबाईंचा एक सल्ला फार कामी आला: आदेशात ५० हजार असले तरी दाखला दोन लाखांचा मागा. रक्कम पुढे बदलली तर पुन्हा पहिल्यापासून फेरा नको. अर्जात 'न्यायालयात जामीन राहण्यासाठी' असं प्रयोजन लिहा आणि दाखला हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी नाव, रक्कम आणि प्रयोजन वाचून घ्या. माझ्या पुढच्या माणसाच्या दाखल्यावर आडनाव चुकलं होतं, तो परत रांगेत गेला.

मार्चअखेर होता. सगळं कार्यालय वसुलीच्या मागे. तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल व्हायला नऊ दिवस गेले. मी चार चकरा मारल्या, दर वेळी अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून न्यायचे. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी अपमान केला नाही. फक्त कुणालाच घाई नव्हती. आणि घाई असावी असं त्या अर्जावर काही लिहिलेलंही नसतं. एक माणूस आदेश होऊनही आत आहे हे त्या फायलीत कुठेही दिसत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागलं ते हे.

दरम्यान दुसरा जामीनदार, त्याच्या आईचा चुलतभाऊ, १६ मार्चला मागे हटला. त्याच्या कारखान्यात कुणीतरी चौकशी केली म्हणे. त्याला मी दोष देत नाही, त्याला नोकरी होती आणि मला पेन्शन. वकीलबाईंनी अट शिथिल करण्यासाठी अर्ज केला. आधार तोच, २०२३चा आदेश: जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात बंधपत्र देता आलं नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटींचा फेरविचार करावा. २४ मार्चला दोन जामीनदारांऐवजी एक लाखाचा एकच जामीनदार असा बदल मिळाला. विधी सेवा प्राधिकरणाची मदत तुरुंगातल्या कैद्याला मोफत असते. आम्ही तिथे गेलो ते फार उशिरा, पहिल्या आठवड्यातच जायला हवं होतं.

या वाट पाहण्याच्या दिवसांत मी माझी जुनी टिपणं काढून वाचत बसायचे. आपली घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० रोजी, आणि महिन्याभरात, फेब्रुवारीत, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा संसदेने केला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, भीती खरी होती. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत आजचं कलम २२ आणलं तेच मुळी कलम २१ मधलं संरक्षण अपुरं राहिलं म्हणून भरपाई करायला: अटकेची कारणं सांगा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं. त्याच्या अटकेच्या वेळी घरच्यांना कारणं लेखी मिळाली नव्हती. यूएपीएतही ती अटक झालेल्याला लेखीच द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १५ मे २०२४ रोजी, प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात. आज कुणाच्या घरी अशी वेळ आली तर पहिल्या तासात हा कागद मागा.

आणखी एक गोष्ट टिपणांतच सापडली. 'टाडा' हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये आला तो दोन वर्षांच्या मुदतीसह. मुदत वाढत गेली, पण १९९५ मध्ये ती वाढवायची नाही असं ठरलं आणि कायदा संपला. त्यानंतरच्या 'पोटा' या तशाच कायद्याला तीन वर्षांची मुदत होती, तो २००४ मध्ये रद्दच झाला. या कायद्यांनी अन्याय कमी केला असं नाही. पण त्यांना संसदेपुढे पुन्हा यावं लागायचं, अजून लागतो का, हे विचारलं जायचं. 'पोटा'मधल्या बऱ्याच तरतुदी २००४ आणि २००८ मध्ये यूएपीएत आल्या आणि त्यांना अशी मुदत नाही. दहशतवादाविरुद्ध कठोर कायदा नको, असं मी म्हणत नाही, माझ्या भावाच्या डाव्या बाजूला बसून मला तसं म्हणता येणार नाही. पण कायद्याला मुदत आणि खटल्याला कालमर्यादा, एवढं मागण्याचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटतं.

२७ मार्चला दाखला मिळाला. २८ला न्यायालयात कागद दिले: दाखला, भागपत्र, शिधापत्रिका, आधार, पॅन, पेन्शनचं पासबुक, मालमत्ता कराची पावती, तीन फोटो, आणि आजवर मी किती जणांना जामीन राहिले आहे त्याचं घोषणापत्र. कलम ४८६ प्रमाणे ते सक्तीचं आहे. मुळ कागद आणि प्रतींचे तीन संच वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, खिडकीवर शोधाशोध होत नाही.

मग पडताळणी. २ एप्रिलला दोन अधिकारी घरी आले. नीट बोलले. आरोपीला कधीपासून ओळखता, घरी कोण येतं-जातं, मुलगी कुठे असते, फोन किती आहेत. घराचे फोटो काढले, शेजारी चौकशी केली. त्यातल्या वयाने लहान अधिकाऱ्याने जाताना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत, मॅडम?" वाटते, म्हटलं. तो गेल्यावर मला रडू आलं, आणि त्याचं कारण मला अजूनही सांगता येत नाही.

८ एप्रिलला, मंगळवारी, न्यायाधीशांपुढे उभी राहिले. तीनच प्रश्न. याला ओळखता का? आरोप काय आहेत माहीत आहे का? तो आला नाही तर तुमचं काय होईल हे समजलं आहे का? मी तिन्हीला हो म्हटलं. सही, अंगठा. सुटकेचा आदेश दुसऱ्या दिवशी दुपारी तुरुंगाच्या दारावरच्या पेटीत पडला. पेटी उघडण्याची वेळ ठरलेली असते, ती चुकली की एक रात्र वाढते, आणि आमच्या बाबतीत दोन वाढल्या असत्या, कारण १० तारखेला महावीर जयंतीची सुट्टी. वकीलबाईंचा कारकून धावत गेला म्हणून जमलं. माझा एकूण खर्च, रिक्षा-रेल्वे धरून, साडेआठ हजारांच्या आत. वकीलबाईंनी जामीनदाराच्या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तो बाहेर आला तेव्हा त्याची आई पुढे गेली, मी मागेच थांबले. तो २४ वर्षांचा असताना आत गेला होता. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बाई, तारीख २२ला आहे." बस, तेवढंच.

इथे लिहिणं थांबवणार होते. पण २१ जुलैला, सोमवारी, ११ जुलैच्या स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १२ही जणांना निर्दोष सोडलं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. त्या सोमवारी संध्याकाळी मी दादाकडे गेले. टीव्ही बंद होता.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "हे जर नव्हते, तर मग कोण होतं?"

मी त्याच्या डाव्या बाजूला बसून राहिले. निघताना, मी फेब्रुवारीत त्याच्याकडे ठेवलेली आदेशाची प्रत त्याने मला परत केली. त्याने ती पेन्सिलीने खुणा करत वाचली होती. १६२ साक्षीदार आणि ११ या आकड्यांखाली रेघ होती, आणि समासात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'किती वर्षं लागणार?' ती खूण नकार देण्याच्या आधीची होती.

आता दर तारखेला संध्याकाळी दादाचा फोन येतो.

"हजर होता?"

"होता."

"साक्षीदार?"

"आज एक झाला."

मग तो पुढची तारीख विचारतो, आणि ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवतो, असं वहिनी सांगते.